‘अनोळखी माणसाशी बोलू नकोस’ एवढ्याने भागत नाही!

‘मुलं पळवणारी टोळी शहरात आली आहे, सावध राहा’ हा मेसेज अधूनमधून फिरतोच. तो पुढे ढकलला की आपलं कर्तव्य संपलं, असं पालकांना वाटतं. माझ्या मते अशा मेसेजने मुलं सुरक्षित होत नाहीत. माणसं मात्र मरतात. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात बाजाराच्या दिवशी, मुलं पळवणारे समजून जमावाने नाथपंथी डवरी गोसावी समाजातल्या पाच जणांना ठार मारलं. ते भिक्षा मागायला आले होते.

मग मुलं पळवली जात नाहीत का? जातात. पण १९९० ते १९९६ या काळात चोरीसाठी लहान मुलं पळवणाऱ्या कोण होत्या? अंजनाबाई गावित आणि तिच्या दोन मुली. ‘अनोळखी माणूस’ म्हटल्यावर तुमच्या मुलाच्या डोळ्यांसमोर अशी बाई येते का? आणि लैंगिक अत्याचाराच्या नोंदींत तर नव्वद टक्क्यांहून अधिक आरोपी ओळखीचेच असतात.

शिवाय गणपतीत मंडईच्या गर्दीत हात सुटला, तर भोवती सगळे अनोळखीच. मुलाने मदत मागायची कोणाकडे?

म्हणून चेहरा नव्हे, वागणं ओळखायला शिकवा :

१. हरवलास तर तिथेच थांब. पोलिसांना किंवा गाळ्यावर बसलेल्या भाजीवाल्या मावशींना सांग.
२. स्वतःचं पूर्ण नाव आणि आईबाबांचा मोबाईल नंबर पाठ हवा.
३. ‘आईने बोलावलंय’ असं कोणीही म्हटलं, तरी आधी आम्हाला विचार.
४. ‘घरी सांगू नकोस’ असं कोणी म्हणालं, तर ते घरी सांगायचंच.

मूल सापडत नसेल तर २४ तास थांबू नका. लगेच ११२ किंवा १०९८ वर फोन करा. हरवलेल्या मुलाच्या तक्रारीवर पोलिसांनी तत्काळ गुन्हा नोंदवावा, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्येच सांगितलं आहे.

आता जरा कटू बोलतो. मूल अंग चोरतं, तरी आपण त्याला ‘काकांना पापी दे’ म्हणून पुढे ढकलतो. त्याच्या ‘नको’ला घरातच किंमत नसेल, तर बाहेर ते कोणाला ‘नको’ म्हणणार?