अपमान तारखेसह लिहून ठेवा

वरणगावात नोकरी म्हटले की जुन्या पिढीच्या डोळ्यांसमोर फॅक्टरी येते. काडतुसे बनवणारी आयुध निर्माणी. तिथे साहेब वाकडे बोलला तर कामगाराला जायला युनियन होती. 1 ऑक्टोबर 2021 रोजी आयुध निर्माणी मंडळ मोडून सात सरकारी कंपन्या झाल्या आणि वरणगाव म्युनिशन्स इंडिया लिमिटेडकडे गेले. त्याच वर्षी संपावर बंदी घालू शकणारा कायदाही आला. तरीही तिथल्या कामगारामागे संघटना उभी आहे. आपल्या वयाच्या बहुतेक मुलामुलींना मात्र ती फॅक्टरी बाहेरूनच दिसते. आपण जातो भुसावळच्या आणि जळगावच्या दुकानांत. कापड, मोबाइल, चपला, किराणा मार्ट. तिथे तक्रार करायची ती ज्याच्याविरुद्ध आहे त्याच्याकडेच.

मी दोन लग्नसराया एका कापड दुकानात काढल्या आहेत. बारा तास उभे राहायचे. दुकान रिकामे असले तरी बसायचे नाही, भिंतीला टेकले तरी गल्ल्यावरून आवाज यायचा. बाई वीस साड्या उलगडून काही न घेता गेली की मॅनेजर सगळ्यांसमोर सेल्समनच्या आईबापापर्यंत पोचायचा. आम्हा तिघांची नावे वेगवेगळी होती, पण हाक एकच, ‘ए मियाँ’. हे फक्त दुसऱ्या समाजाच्या मालकाकडे होते असे मात्र समजू नका. शेठ आपल्याच मोहल्ल्यातला असला की वर ‘तुझ्या अब्बांना मी ओळखतो’ हे ओझे येते. मजुरी वेळेवर देण्याबद्दलचे बयान जुम्याला मान डोलवत ऐकणारे काही जण पगार मात्र पंधरा तारखेपर्यंत लोंबकळत ठेवतात. तिथे तोंड उघडले तर पोरगा बेअदब ठरतो, आणि ती बातमी संध्याकाळपर्यंत घरी पोचते.

मग बोलायचे कसे? माझे मत असे की नुसत्या अपमानाबद्दल भांडायला गेलात तर बहुधा हराल. मॅनेजर म्हणेल, ‘मी मस्करी केली, धंद्यात एवढे चालते.’ त्याने आवाज चढवला यासाठी दुकानाच्या कायद्यात कलम सापडणार नाही. पण जिथे माणसाला ‘ए’ म्हणतात तिथे बहुधा पगारही उशिरा होतो, न सांगता कपात होते, सुट्टी बुडते, पाण्याला जायलाही परवानगी लागते. या गोष्टी मोजता येतात, आणि त्यांना कायदा आहे. बोलायला सुरुवात तिथून करा.

केरळमधल्या कोझिकोडचे उदाहरण घ्या. तिथल्या मिठाई तेरुवू या बाजारपेठेत कापड दुकानांतल्या बायकांना दिवसभर बसू देत नसत. इमारतीत स्वच्छतागृह नसे, म्हणून त्या पाणीच कमी पीत. पी. विजी या शिवणकाम करणाऱ्या बाईने ‘पेनकूट्टू’ नावाने त्यांना एकत्र केले. त्यांनी ‘आम्हाला इज्जत द्या’ एवढेच म्हटले असते तर कोणी ऐकले असते की नाही, शंका आहे. त्यांनी स्वच्छतागृह मागितले, मग खुर्ची मागितली. 2018 मध्ये केरळ सरकारने दुकानविषयक कायदा बदलून कामाच्या जागी बसण्याची सोय सक्तीची केली. 2021 मध्ये तामिळनाडूनेही तसाच बदल केला. मेच्या उन्हाळ्यात पंचेचाळीस अंशांत एसटीला लोंबकळून भुसावळ गाठायचे आणि मग दिवसभर उभे राहायचे, हे ज्याने केले आहे त्याला स्टूल ही लहान मागणी वाटणार नाही.

आम्हीही स्टूलच मागितले होते. तिघे मिळून गेलो, सकाळी दुकान उघडताना, मॅनेजरला वगळून थेट मालकाकडे. दोन स्टूल आले. हाक मात्र मालक दुकानात असेपर्यंतच बदलली. जेवढे झाले तेवढेच सांगतो.

आता महाराष्ट्रातल्या कायद्याविषयी. 2017 चा दुकाने व आस्थापना कायदा आठवड्याची सुट्टी, मधली विश्रांती, जादा कामाला दुप्पट मोबदला, पिण्याचे पाणी आणि स्वच्छतागृह देतो. पण तो लागू होता दहा किंवा अधिक कामगार असलेल्या ठिकाणी, आणि सप्टेंबर 2025 मध्ये मंत्रिमंडळाने ही मर्यादा वीसवर नेण्याचा, शिवाय दिवसाचे नऊ तास दहा करण्याचा निर्णय घेतला. आपल्याकडच्या दुकानात माणसे असतात सहा-आठ. म्हणजे ज्याला आधाराची सर्वांत जास्त गरज आहे तोच बाहेर. मला हे उघड अन्यायाचे वाटते.

वेतनाचा कायदा मात्र माणसे मोजत नाही. 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या वेतन संहितेनुसार महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या सात तारखेच्या आत द्यावा लागतो. दंड कापायचा तर आधी तुमचे म्हणणे ऐकावे लागते, आणि तो त्या महिन्याच्या वेतनाच्या तीन टक्क्यांहून जास्त असू शकत नाही. नोकरी सोडली किंवा काढून टाकले तर कामाच्या दोन दिवसांत हिशेब पूर्ण करावा लागतो. वीस किंवा अधिक कामगार असलेल्या मार्टमध्ये, मॉलमध्ये तक्रार निवारण समिती असायला हवी आणि तिच्यात निम्मे सदस्य कामगारांचे. तुमच्याकडे ती आहे का, एवढे विचारणे हीसुद्धा सुरुवातच.

म्हणून एक वही करा. आलो किती वाजता, सुटलो किती वाजता, काय कापले, कोण काय बोलले, समोर कोण होते. त्याच दिवशी लिहा. पगाराबद्दल तोंडी बोलणे झाले की व्हॉट्सअ‍ॅपवर अदबीने दोन ओळी पाठवा: ‘शेठजी, आज आपण म्हणालात की कापलेले पैसे दहा तारखेला मिळतील.’ व्हिडिओ काढून पसरवण्याचा मोह मी समजू शकतो, पण त्यात मॅनेजरइतकाच तुमचाही चेहरा गावभर फिरतो, आणि पुढचा मालक तो विसरत नाही. कामगार कार्यालयात वही आणि मेसेज जास्त कामाला येतात.

कार्यालये आपणहून येत नाहीत, हेही ध्यानात ठेवा. 2024 मध्ये पुण्यात अर्न्स्ट अँड यंगमधल्या 26 वर्षांच्या तरुणीचा मृत्यू झाला, तिच्या आईने कामाच्या ताणाबद्दल कंपनीच्या प्रमुखांना पत्र लिहिले, आणि त्यानंतर झालेल्या तपासणीत त्या कार्यालयाची दुकाने कायद्याखाली नोंदणीच नसल्याचे समोर आले. एवढ्या बड्या कंपनीची ही तऱ्हा, तर आपल्या बाजारातल्या दुकानाची वही कोण स्वतःहून उघडणार?

ज्याच्या पगारावर घर चालते त्याला ‘राजीनामा तोंडावर मार’ असे मी सांगणार नाही. आधी दुसरे काम पाहा, मग हिशेब मागा, यात भ्याडपणा काही नाही. मुलींसाठी मात्र एक गोष्ट वेगळी आहे. स्पर्श, घाणेरडे बोलणे, रात्रीचे मेसेज हे सहन करत नोकरी बदलण्याची वाट पाहू नका. दुकानात दहापेक्षा कमी माणसे असली तरी 2013 च्या कायद्याप्रमाणे जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तीन महिन्यांच्या आत लेखी तक्रार करता येते. वकिलाची फी परवडत नसेल तर जळगावच्या जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरण आहे. स्त्रियांना तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. जाताना ती वही बरोबर न्या, आणि शक्य झाले तर दुकानातली एखादी मैत्रीणही.