साक्ष लटकी, फिर्याद खरी

मॉर्गन स्पर्लॉक या अमेरिकन चित्रपटकाराने ३० दिवस त्रिकाळ केवळ मॅक्डोनाल्डच्या उपाहारगृहांतील अन्न खाल्ले आणि २००४ साली ‘सुपर साइज मी’ हा अनुबोधपट जगापुढे ठेवला. वजन सुमारे ११ किलोंनी वाढले. यकृताची अवस्था पाहून तर डॉक्टर हबकले. पुढे २०१७ साली याच गृहस्थाने कबूल केले की, ३० वर्षांत आठवड्याहून अधिक काळ आपण मद्यावाचून राहिलोच नाही! मग यकृत बटाट्याने बिघडविले की बाटलीने? दुसऱ्याच्या मुदपाकखान्याचे वाभाडे काढणाऱ्याने स्वतःचा पेला झाकून ठेवावा, हा प्रेक्षकांशी द्रोह होय. स्पर्लॉक २०२४ मध्ये निवर्तला, म्हणून तो क्षम्य ठरत नाही.

तथापि, साक्षीदार लटका निघाला म्हणून फिर्यादच निकालात काढू पाहणाऱ्यांशी आम्ही सहमत नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने २०१९ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात २० जणांना संस्थेतच ठेवून दोन आठवडे अतिप्रक्रिया केलेले कारखानी अन्न व दोन आठवडे साधे अन्न दिले. हवे तेवढे खाण्याची मुभा होती, परंतु घास न् घास मोजला जात होता. कारखानी अन्नावर असताना ही माणसे दररोज सुमारे ५०० कॅलरी अधिक खात होती.

आपल्या मुलांचे घास मोजण्यास मात्र मधल्या सुट्टीत कोणी नसते. अतिरिक्त मेद, मीठ व साखरेचे पदार्थ शाळेच्या फाटकापासून ५० मीटरांच्या आत विकण्यास २०२० च्या केंद्रीय नियमांनी मनाई केली आहे. शहरातील किती फाटकांपुढे हे अंतर प्रत्यक्ष मोजले गेले, याची यादी अन्न व औषध प्रशासनाने प्रसिद्ध करावी.