फुटबॉलवाल्याला राज्य कळते काय?

असा सवाल 2005 साली लायबेरियात केला गेला. रोख जॉर्ज वेआ यांच्यावर होता. मोन्रोव्हियाच्या क्लारा टाऊन झोपडपट्टीत आजीने वाढवलेला हा पोरगा मोनॅको, पॅरिस, मिलानसाठी गोल करीत 1995 साली बॅलन डी'ओरचा मानकरी ठरला. आजवर दुसऱ्या आफ्रिकी पुरुषाला तो मान मिळालेला नाही. पण राष्ट्राध्यक्षपदाला उभे राहताच त्यांचे अर्धवट शिक्षण काढले गेले. 'मेरिट'ची ही भाषा आम्हाला चांगलीच ओळखीची आहे!

लायबेरियाचा इतिहास आमच्या वाचकांनी मुद्दाम वाचावा. अमेरिकेतून आलेल्या मुक्त गुलामांच्या वंशजांनीच तेथे 1980 पर्यंत सत्ता मुठीत ठेवली. मूलनिवासींना 1904 पर्यंत नागरिकत्वसुद्धा नव्हते. क्रू जमातीच्या वेआंमागे गोरगरिबांची तरुण पोरे का धावली, ते यावरून कळते. पहिल्या फेरीत ते पुढे होते, दुसरीत हरले. मग अमेरिकेत शिकून पदवी घेतली आणि 2017 साली निवडून आले.

पुढचे मात्र आम्ही झाकणार नाही. 2019 साली महागाई आणि भ्रष्टाचाराविरुद्ध लोक रस्त्यावर उतरले. 2022 साली अमेरिकेने भ्रष्टाचाराच्या आरोपावरून त्यांच्या तिघा बड्या अधिकाऱ्यांवर निर्बंध घातले. सत्ता आपल्या माणसाच्या हाती आली, पण तिचा हिशेब मागणारी संघटना कुठे होती? 2023 साली थोडक्या मतांनी हरल्यावर अंतिम निकालाआधीच वेआंनी जोसेफ बोआकाय यांना फोन करून त्यांचे अभिनंदन केले.