जंत म्हणजे फक्त पोटातलेच का?

दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकात गोलकृमींची उदाहरणं बघा. पोटातील जंत, हत्तीपाय रोगाचा जंत, डोळ्यातील जंत. तिन्ही रोगांचे! मग मुलं नाक मुरडतात यात नवल काय?

खरं तर याच संघातले असंख्य कृमी समुद्राच्या वाळूत कुणालाही त्रास न देता राहतात. लांबी बहुधा 1 मिलिमीटरच्या आसपास किंवा कमीच. जीवाणू आणि सूक्ष्म शैवाल खातात, आणि स्वतः माशांच्या पिल्लांचं खाद्य होतात. एका चौरस मीटर वाळूत अशा सूक्ष्म प्राण्यांची संख्या 10 लाखांच्या घरात जाऊ शकते. त्यातल्या कोणत्या जाती टिकल्या, कोणत्या गेल्या, यावरून शास्त्रज्ञ प्रदूषण ओळखतात. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत या जिवांवर संशोधन झालं आहे.

हाटकेशच्या मुलांना उत्तनचा किनारा काही लांब नाही. सहल मात्र वॉटर पार्कलाच! एकदा ओहोटीची वेळ बघून उत्तनला न्या. टोक कापलेली, बिनसुईची सिरिंज (कापायचं काम आपलं) वाळूत दाबून नमुना घ्या. बाटलीत गोडं पाणी घालून हलवा. कृमींची पकड सुटते, वाळू खाली बसते. वरचं पाणी लगेच तलम कापडातून गाळा आणि कापडावरचा गाळ समुद्राच्या पाण्यात धुऊन घ्या. शाळेचा सूक्ष्मदर्शक पुरतो. पहिल्याच थेंबात दिसेल असं नाही, दोन-चार बघावे लागतात. पारदर्शक धागा वळवळताना दिसला की मोजायला लावा. एक नमुना कोळीवाड्याजवळचा, एक लांबचा. आकडे वेगळे आले तर का, ते मुलांनाच शोधू द्या.