कुत्र्यांचे रक्त तपासा, गोठ्यांसाठी!

निर्बीजीकरणासाठी मोकाट कुत्री पकडतात, त्यांना रेबीजची लस टोचतात आणि जिथून आणली तिथेच सोडतात. त्याच वेळी काही कुत्र्यांचे थोडे रक्त घेऊन ब्रुसेलोसिसची तपासणीही व्हावी, असे माझे मत आहे. माणसांच्या डॉक्टरला ही उठाठेव कशाला, असे कोणी विचारील. त्याचे कारण माझ्या दवाखान्याच्या बाकावर बसलेले असते.

आठवडेच्या आठवडे येणारा-जाणारा ताप, रात्री दरदरून घाम, कंबर व सांधे धरलेले. टायफॉइडची औषधे घेऊन होतात, क्षयाची शंका येते. अशा रुग्णाला मी विचारतो, "घरी गुरे आहेत का? एखादी गाय, म्हैस, शेळी गाभडली का?"

ब्रुसेला जातीच्या जंतूंमुळे जनावरांचा गर्भ पडतो. पडलेला गर्भ, वार आणि स्राव यांत हे जंतू प्रचंड संख्येने असतात. उघड्या हातांनी वार ओढणाऱ्याला आणि कच्चे दूध पिणाऱ्याला त्यांची लागण होऊ शकते. आता सांगा, ती वार आपण टाकतो कुठे? उकिरड्यावर! कुत्री ती खातात, ओढत दुसऱ्याच्या गोठ्यापर्यंत नेतात आणि स्वतःही बाधित होतात.

म्हणूनच एखाद्या वस्तीतील कुत्र्यात गुरांचा हा जंतू आढळला, तर ती आसपासच्या गोठ्यांची खबर समजावी. रोझ बेंगाल ही प्राथमिक चाचणी स्वस्त आहे, काही मिनिटांत होते. दुसऱ्या चाचणीने खात्री करून अहवाल पशुवैद्यकीय दवाखाना व प्राथमिक आरोग्य केंद्र, दोघांकडेही जावा.

मात्र याचा अर्थ कुत्री मारा, असा कोणी काढू नये. रोगाचे मूळ गोठ्यात आहे. २०१९ साली सुरू झालेल्या केंद्राच्या कार्यक्रमात ४ ते ८ महिन्यांच्या कालवडी व पारड्यांना या रोगाची लस आयुष्यात एकदाच टोचायची आहे. ती चुकवू नका.

वाचकहो, गर्भ व वार हातमोजे घालूनच उचला, खोल खड्ड्यात चुना टाकून पुरा. दूध उकळूनच प्या. ताप लांबला तर डॉक्टरांना आपल्या गुरांविषयी आवर्जून सांगा. या रोगाचे औषध साधारण ६ आठवडे घ्यावे लागते. ताप उतरला म्हणून ते मध्येच सोडू नका.