नेम बंदुकीचा की माणसाचा?

सैन्याला किंवा पोलिसांना नवी रायफल मिळाली की वर्तमानपत्रात एक आकडा हटकून येतो. "मारक टप्पा ८०० मीटर!" मग तो आकडा आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर येतो आणि आमचे पुतणे-भाचे (बहुतेक सगळे इंजिनियर, बरं का) त्याखाली तिरंगे आणि टाळ्या चिकटवतात. अमेठीजवळ कोरव्याला बनणाऱ्या एके-२०३ बद्दल हेच झाले. गंमत अशी, की डिसेंबर २०२१ मध्ये खुद्द सरकारी पत्रकात तिचा प्रभावी टप्पा ३०० मीटर असा दिला होता. ८०० म्हणजे नेमाची पट्टी जिथवर सरकवता येते तो आकडा. पट्टीवर कोरले म्हणून गोळी तिथे लागते असे थोडेच आहे? जुन्या थ्री नॉट थ्रीच्या पट्टीवर तर २००० यार्डांपर्यंत खुणा असायच्या. म्हणजे मैलाच्याही पलीकडे. तेवढ्या अंतरावरचा माणूस पुढच्या माशीआड अख्खा लपतो. नेम धरायचा तो कशावर?

मी आयुष्यभर गणित शिकवले, आणि काही वर्षे शाळेच्या एनसीसीचे कामही पाहिले. तेव्हा थोडे गणित करूच. कंटाळा आला तर एक परिच्छेद सोडा, रागावणार नाही.

रायफल घट्ट शिकंज्यात धरून गोळ्या झाडल्या तरी त्या एकाच भोकातून जात नाहीत, थोड्या पसरतात. हा पसारा कोनात मोजतात. एका अंशाचा साठावा भाग म्हणजे एक मिनिट. शंभर मीटरवर एका मिनिटाचे होतात सुमारे २.९ सेंटिमीटर. साधी, चांगल्या स्थितीतली लष्करी रायफल तीन-चार मिनिटांत गोळ्या ठेवते असे धरा. मग ३०० मीटरवर पसारा झाला २६ ते ३५ सेंटिमीटर. माणसाच्या छातीइतका. म्हणजे बंदूक आपले काम चोख करते आहे. आता माणूस आणा. एके-४७ च्या पुढच्या माशीत आणि मागच्या खाचेत साधारण ३८ सेंटिमीटर अंतर असते. माशी खाचेत एक मिलिमीटर इकडे-तिकडे झाली, फक्त एक, तर ३०० मीटरवर गोळी जवळजवळ ८० सेंटिमीटर बाजूला जाते. गेला माणूस सुटून! शिवाय वारा आहे. ताशी पंधरा-सोळा किलोमीटरचा आडवा वारा तेवढ्या अंतरात इन्सासच्या हलक्या गोळीला फूटभर सहज ढकलतो. त्यात श्वास, धडधडणारे काळीज, घामाने निसटणारा हात, आणि समोरून येणाऱ्या गोळ्या.

हे मी काही नवीन सांगत नाही. कोरियाच्या युद्धाच्या काळात, १९५२ साली, अमेरिकी सैन्यासाठी नॉर्मन हिचमन यांनी याच प्रश्नावर अहवाल लिहिला. रायफलीची बहुतेक लढाई ३०० यार्डांच्या आत होते, आणि सामान्य सैनिकाचा नेम शंभर यार्डांच्या पुढे झपाट्याने ढासळतो, असे त्यांना आढळले. नेम धरण्यातली चूकच इतकी मोठी, की बंदूक आणखी अचूक करून फारसा फरक पडत नाही. सत्तर वर्षांहून जास्त झाली याला. आमचे टीव्हीवाले अजून ८०० मीटरवरच.

एनसीसीच्या चांदमारीत मुले पॉइंट टू टू ने पंचवीस मीटरवर, पालथे झोपून, पाच गोळ्या झाडत. वेळ हवा तेवढा, समोर कागद. तरी पहिल्या दिवशी पाचपैकी दोन गोळ्या मातीच्या ढिगात! त्याच मुली-मुलांच्या, त्याच बंदुकीने, आठवडाभरात पाचही गोळ्या वाटीच्या तोंडाएवढ्या जागेत बसत. बंदूक बदलली नव्हती. काडतुसे खर्ची पडली होती.

इंग्रजांना हे मार खाऊन कळले. १८९९ च्या डिसेंबरात दक्षिण आफ्रिकेत बोअर शेतकऱ्यांच्या नेमबाजीने त्यांची दाणादाण उडवली. तेव्हा त्यांनी सराव बदलला. ३०० यार्डांवर मिनिटाला पंधरा नेमक्या गोळ्या, अशी परीक्षा ठेवली. २३ ऑगस्ट १९१४ ला मॉन्स येथे त्यांनी चढून येणाऱ्या जर्मनांना ज्या रायफलींनी रोखले, त्या याच थ्री नॉट थ्री जातीच्या.

आणि २६ नोव्हेंबर २००८ ला सीएसटीवर आपल्या पोलिसांच्या हातात काय होते? थ्री नॉट थ्री आणि काठ्या. त्यानंतर सगळा महाराष्ट्र एकच वाक्य बोलू लागला, "जुनाट बंदुका, पोलीस बिचारे काय करणार!" मान्य. प्रत्येक गोळीनंतर बोल्ट ओढावा लागणारी बंदूक आणि तीस गोळ्यांची एके-४७ यांची बरोबरी नाही. नवी शस्त्रे हवीतच. पण स्टेशनातले अंतर ते किती? तेवढ्यावर थ्री नॉट थ्रीचा नेम चुकत नाही, सराव नसलेल्याचा चुकतो. किंवा तो झाडतच नाही. जिल्लू यादव या रेल्वे सुरक्षा दलाच्या जवानाने सहकाऱ्याच्या हातातली तीच रायफल घेऊन त्या दोघांवर गोळ्या झाडल्या, हे विसरू नये. राम प्रधान समितीने २००९ च्या अहवालात काडतुसांच्या तुटवड्यामुळे पोलिसांचा सराव होत नव्हता हेही नोंदवले. त्यावर घराघरात चर्चा झालेली मला तरी आठवत नाही. बंदुकीच्या खरेदीचा फोटो निघतो, फीत कापता येते. चांदमारीत उडालेल्या काडतुसाचा फोटो कोण काढणार?

इन्सासचेही तेच. कारगिलच्या थंडीत तिची मॅगझिन तडकली, तक्रारी खऱ्या होत्या. पण म्हणून "इन्सास लागतच नाही" हे कोणी ठरवले? बिघडणे वेगळे आणि नेम चुकणे वेगळे. आधी ७.६२, मग ५.५६, आता पुन्हा ७.६२. तोफखान्यातून निवृत्त झालेल्या मेव्हण्यांनी यावर माझ्याशी भांडावे, वाट पाहतो आहे.

तोवर एक विनंती. आपल्या नात्यागोत्यात पोलिसात, राखीव दलात कोणी असेलच. बंदूक कोणती ते विचारू नका. गेल्या वर्षी स्वतःच्या हाताने किती गोळ्या झाडायला मिळाल्या ते विचारा, आणि आकडा मला कळवा. नाव नको, नुसता आकडा.