शब्दवेध : बीड

शब्दकोड्यात दोन चौकोन रिकामे असतात आणि शोधसूत्र असते, ‘मराठवाड्यातील एक जिल्हा’. वाचक क्षणभरही न थांबता ‘बीड’ लिहितो. ‘बिंदुसरेकाठचे शहर’ किंवा ‘कंकालेश्वर मंदिराचे गाव’ असे सूत्र आले, तरी बीडकराची लेखणी अडत नाही. परंतु ‘ओतीव लोखंड’ एवढेच लिहिलेले असेल, तर तोच बीडकर विचारात पडतो. उत्तर तेच असते. फक्त त्या शब्दाचा हा अर्थ घरातून निघून गेलेला असतो.

मराठीत बीड हे नपुंसकलिंगी नाम साच्यात ओतलेल्या लोखंडासाठी आहे. या लोखंडात कार्बनचे प्रमाण साधारण २ ते ४ टक्के असते. म्हणून ते साच्यात सुबक उतरते आणि एकदा तापले की उष्णता धरून ठेवते; मात्र घणाखाली वाकत नाही, तडकते. बिडाच्या तव्यावरचे धिरडे खरपूस होते आणि तोच तवा फरशीवर पडला की दुभंगतो, या दोन्ही अनुभवांचे कारण हेच.

गाव आणि धातू यांतील भेद मराठी व्याकरणानेही जपला आहे. गावाला प्रत्यय लागताना ‘बी’ दीर्घच राहते : बीडचा बाजार, बीडला जाणे. धातूच्या नावाला प्रत्यय लागला की ती ऱ्हस्व होते : बिडाचा तवा, बिडाची कढई. कोडे रचणाऱ्याने आणि सोडविणाऱ्याने ही वेलांटी सांभाळली पाहिजे. ‘बीज’ या उभ्या शब्दाला बीडचे पहिले अक्षर चालते. ‘बिगारी’ला चालत नाही.

ज्या कुटुंबांचे पूर्वज राजस्थानातून आले, त्यांच्या कानी आणखी एक अर्थ असेल. तिकडे बीड म्हणजे राखीव गवताळ रान. बिकानेरजवळचे जोडबीड हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण. उच्चार जुळतो म्हणून या साऱ्यांचा उगम एकच, असे मात्र मानू नये. अर्थ देणे हे कोशाचे काम. नाते सिद्ध करण्यास स्वतंत्र पुरावा लागतो.

व्यापारी घरांशी या शब्दाचा सर्वांत जवळचा संबंध तराजूमुळे आहे. १९५६ च्या वजन-माप कायद्यानंतर शेर-मण जाऊन किलो आले, तेही बिडाच्या वजनांच्या रूपात. वजनाच्या पोकळीत शिसे भरून त्यावर सरकारी मुद्रा उमटवितात. त्या मुद्रेवर गिऱ्हाइकाचा विश्वास असतो, आणि कमी-अधिक मापाला अचौर्य अणुव्रताचा अतिचार मानणाऱ्या श्रावकासाठी तो विश्वास व्रताचाच भाग ठरतो.

आज काटा इलेक्ट्रॉनिक झाला आणि तवा ‘कास्ट आयर्न’ झाला. आजीचा बिडाचा तवा भंगारात देऊन नातसून तीच वस्तू नव्या नावाने, चढ्या दराने आणते. भांड्यांच्या दुकानात पावतीवर ‘बिडाचा तवा’ असे लिहिले, तर गिऱ्हाईक अर्थ विचारील. उत्तर मिळाले की तो शब्द पुन्हा एका घरात पोहोचेल.

पुढील अंकासाठी शोधसूत्र : व्यापाऱ्याची पैसे पाठविण्याची चिठ्ठी, तिरुपतीची दानपेटीही (दोन अक्षरे).